हिरडा : नाम, विशेषण, क्रियापद

पुण्याहून भीमाशंकरास निघालेला प्रवासी मंचर, घोडेगाव ही गावे मागे टाकतो, डिंभे धरणाच्या बाजूने वर चढत जातो आणि तळेघरला पोहोचतो. बहुतेकांच्या लेखी तळेघर म्हणजे चहापाण्याचा थांबा; दर्शन पुढे असते. आंबेगाव तालुक्याचा हा पश्चिम भाग आणि त्याला लागून असलेली जुन्नर तालुक्यातील आदिवासी गावे बाहेरच्या जगाला दोन-तीन निमित्तांनीच ठाऊक आहेत : भीमाशंकरचे देवस्थान, अभयारण्यातला शेकरू आणि ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गाडले गेलेले माळीण. या ओळखींच्या गर्दीत एक ओळख राहून जाते. उन्हाळ्यात येथल्या अंगणांत, खळ्यांवर, कातळांवर जे काळपट, सुरकुतलेले, लहानसे फळ वाळत घातलेले दिसते, तो बाळहिरडा. महादेव कोळी समाजातील येथल्या कुटुंबांसाठी भात हे पोटाचे पीक आहे. रोख पैसा हाती येतो तो हिरड्यातून. मुलांची पुस्तके, घरातले लग्न, पावसाळ्यापूर्वी भरायचे मीठमिरची आणि भाताच्या लावणीचा खर्च, यांपैकी पुष्कळशा गोष्टी या फळाच्या हिशेबाने ठरतात.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक आहोत. वनस्पतिशास्त्र हा आमचा विषय नाही आणि आयुर्वेदही नाही. तरी या झाडाविषयी लिहावेसे वाटले, याचे कारण आमच्या वर्गात बसते. किंबहुना उन्हाळ्यात ते वर्गात बसत नाही. एप्रिल उजाडला की पश्चिमेकडच्या गावांतून येणारे विद्यार्थी एकेक करून दिसेनासे होतात. चौकशी केली की बाकीचे सहजपणे सांगतात, ‘सर, ते हिरड्याला गेलेत.’ ‘हिरड्याला जाणे’ हा प्रयोग ‘आळंदीला जाणे’ किंवा ‘कामाला जाणे’ यांच्यासारखाच त्यांच्या तोंडी रुळलेला आहे. तो वर्षानुवर्षे कानी पडत राहिल्यावर हिरड्याविषयी आजवर कोणी काय लिहून ठेवले आहे, ते आम्ही वाचू लागलो. वाचता वाचता प्रश्न आमच्याच विषयाचा होऊन बसला. हिरड्याविषयीचे ज्ञान तीन परंपरांत विभागलेले आहे आणि या तिन्ही परंपरा शब्दांच्या तीन वेगवेगळ्या जातींवर उभ्या आहेत. वनस्पतिशास्त्राचे ज्ञान नामांत आहे, वैद्यकाचे विशेषणांत आहे आणि रानात हिरडा वेचणाऱ्यांचे क्रियापदांत आहे. पहिल्या दोन ज्ञानांना ग्रंथ मिळाले. तिसऱ्याला मिळाला नाही. ही केवळ व्याकरणातली गंमत नव्हे. हिरड्याला भाव कोण देतो आणि नुकसान झाले तर भरपाई कोणाला मिळते, या प्रश्नांपर्यंत तिचे धागे पोहोचतात.

आधी नामांकडे वळू. हिरड्याचे शास्त्रीय नाव टर्मिनॅलिया चेब्युला. ते अठराव्या शतकाच्या अखेरीस स्वीडिश शास्त्रज्ञ रेत्झियस याने दिले. ‘टर्मिनॅलिया’ हा शब्द ‘टोक’, ‘सीमा’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे, कारण या कुळातील झाडांची पाने फांद्यांच्या टोकांशी दाटीने येतात. ऐन, अर्जुन, बेहडा हे सारे हिरड्याचे भाऊबंद. ‘चेब्युला’ या दुसऱ्या शब्दात मात्र काबूल दडलेले आहे. हिरडा काबूलचा नाही. त्याचे घर भारतीय उपखंड आणि आग्नेय आशिया. पण तो व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर काबूलमार्गे पश्चिमेकडे गेला, इराणी-अरबी वैद्यांनी त्याच्या एका प्रकाराला ‘काबुली’ म्हटले आणि ते विशेषण युरोपात पोहोचेतो झाडाचे नाव होऊन बसले. एखाद्याची ओळख त्याच्या गावावरून न देता तो ज्या बाजारात विकला गेला त्या बाजारावरून द्यावी, तसेच हे झाले. पुढे १८८४ साली या फळातून एक आम्ल वेगळे काढण्यात आले तेव्हा त्याचेही नाव चेब्युलिनिक असेच ठेवले गेले. त्यानंतर सापडलेल्या द्रव्यांनीही तोच वारसा घेतला. अशा रीतीने काबूलची पेठ रेणूंच्या नावांतही शिरली.

वनस्पतिशास्त्राने हिरड्याचे जे वर्णन केले आहे ते नेमके आहे आणि त्या नेमकेपणाला आपले सौंदर्य आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ सिद्ध केला, तो आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. पानगळी, मध्यम ते मोठे झाड. पानाच्या देठावर, पाते सुरू होते त्याच्याजवळ, दोन बारीक ग्रंथी. वसंतात नव्या पालवीबरोबर येणारे, मळकट पांढऱ्या फुलांचे तुरे. या फुलांना पाकळ्या नसतात आणि त्यांचा वास सुखद नसतो. फळ पिकल्यावर पिवळसर होते, वाळल्यावर त्यावर पाच ठळक कंगोरे उमटतात आणि आत एकच कठीण बी असते. ही लक्षणे पाहून कोणीही, कोठेही, कोणत्याही ऋतूत हिरडा ओळखू शकेल. नामाचे सामर्थ्य यातच आहे. ते वस्तूला स्थळकाळातून सोडवते आणि सर्वांसाठी एक करून टाकते.

विशेषणांचे जग याहून वेगळे. संस्कृत वैद्यकात हिरडा ही हरीतकी आहे आणि ती स्त्री आहे. तिची नावे पाहिली तरी ध्यानात येते की ही नावे मुळात विशेषणेच आहेत : अभया, म्हणजे जिच्यामुळे भय उरत नाही ती, पथ्या, म्हणजे मार्गाला हितकर ती, कायस्था, म्हणजे शरीर टिकवणारी. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पहिलाच पाद अभया आणि आमलकी यांच्या नावाने सुरू होतो. भावप्रकाशाने विजया, रोहिणी, पूतना, अमृता, अभया, जीवन्ती आणि चेतकी असे सात प्रकार सांगितले आणि प्रत्येकीचे रूप व उपयोग वेगळे दाखवले. आजचे वनस्पतिशास्त्र या सातांना सात जाती मानत नाही. फळाचा आकार, गर आणि कंगोरे यांत आढळणाऱ्या विविधतेची ती नोंद आहे. षड्रसांपैकी खारट सोडून उरलेले पाचही रस हरीतकीत आहेत, असे निघंटू सांगतात. ऋतूप्रमाणे तिचे सोबती बदलतात : वर्षेत सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध आणि ग्रीष्मात गूळ. ज्याच्या घरी आई नाही त्याची आई हरीतकी, असा एक जुना समज वैद्यांच्या तोंडून आजही ऐकू येतो. हिमालयापलीकडच्या तिबेटी वैद्यकात तर औषधांची अधिष्ठात्री देवता असलेल्या भैषज्यगुरू बुद्धाच्या हाती हेच फळ दाखवतात.

मराठीत येताना हरीतकीचे लिंग बदलले. प्राकृतातून घासत घासत ‘हिरडा’ हा पुल्लिंगी शब्द तयार झाला आणि त्याच्या मागे मराठीने ‘बाळ’ जोडले. संस्कृतात जी आई आहे ती आपल्याकडे बाळ झाली, हे भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे आहे. एक धागा मात्र टिकून राहिला. बाळगुटी उगाळणाऱ्या सहाणेवर वेखंड, हळकुंड, जायफळ यांच्याबरोबर हिरड्याचेही वेढे पडतात. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी जन्मानंतर चाखलेल्या पहिल्यावहिल्या चवींत हिरड्याची तुरट चव असावी.

भावप्रकाशात एक जागा अशी आहे की जिथे विशेषणांच्या आडून क्रियापद डोकावते. हरीतकी कशी घेतली तर काय करते, हे सांगताना ग्रंथकार चार शब्द वापरतो : चर्विता, पेषिता, स्विन्ना, भृष्टा. चावून खाल्ली तर अग्नी वाढवते, वाटून घेतली तर कोठा साफ करते, वाफवली तर उलट मल बांधते आणि भाजली तर तिन्ही दोष शमवते. एकच फळ सारकही आणि स्तंभकही, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. आधुनिक रसायनशास्त्राकडे पाहिले तर ती तितकीशी विसंगत राहत नाही. या फळात टॅनिन विपुल आहे आणि टॅनिनाचा धर्म आकुंचनाचा. त्याबरोबरच सोनामुखीत असतात त्या वर्गातील रेचक द्रव्यांचीही नोंद अभ्यासकांनी केली आहे. शिजवण्या-भाजण्याने या द्रव्यांचे परस्परप्रमाण बदलू शकते. प्रयोगशाळेत हिरड्याच्या अर्काने जंतूंची वाढ रोखल्याचे, ऑक्सिडीकरण मंदावल्याचे निष्कर्ष पुष्कळ आहेत. परीक्षानळी आणि माणसाचे शरीर यांत मोठे अंतर असते, हे मात्र विसरून चालत नाही. आमचे लक्ष वेधले गेले ते निराळ्या गोष्टीकडे. चर्विता, पेषिता, स्विन्ना, भृष्टा ही चारही धातुसाधिते कर्मणी आहेत. हरीतकी वाटली गेली, भाजली गेली. कोणी वाटली, कोणी भाजली, हे सांगण्याची त्या वाक्यरचनेत सोयच नाही. शिवाय ही चारही कामे फळ घरात आल्यानंतरची आहेत. फळ घरात आले कसे, यावर निघंटू बोलत नाही.

असाच प्रकार सोळाव्या शतकात एका परक्या वैद्याकडूनही घडला. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही उपचार करी. त्या निजामशाहीची सुरुवातीची राजधानी जुन्नर होती. १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात या फळांवर एक स्वतंत्र संवाद आहे. युरोपातील औषधविक्रेते तेव्हा पाच प्रकारची ‘मिरोबलाने’ विकत असत. त्यांतले दोन म्हणजे आपले बेहडा आणि आवळा. उरलेल्या तिघांना युनानी परंपरा काळी, पिवळी आणि काबुली हलीला म्हणते. ही तीन निराळी फळे नसून एकाच हिरड्याच्या तीन वयांतल्या अवस्था आहेत : काळी म्हणजे बी धरण्यापूर्वी तोडून वाळवलेला कोवळा हिरडा, पिवळी म्हणजे जून होत आलेला आणि काबुली म्हणजे पूर्ण भरलेला. बाजारात जी तीन नामे होती ती रानात तीन वेळा होत्या. नाम आणि काळ यांचा हा संबंध ज्याला हिरडा उतरवायचा आहे त्याला शिकवावा लागत नाही.

आता क्रियापदांकडे येऊ. बोलीभाषेच्या अभ्यासपत्रिकेसाठी आम्ही विद्यार्थ्यांना आपापल्या घरच्या व्यवसायाची शब्दसंपदा गोळा करायला सांगतो. शेतकऱ्यांची मुले औतफाट्याची नावे आणतात, कुंभाराचा मुलगा चाकाच्या भागांची. तळेघरच्या बाजूच्या एका विद्यार्थिनीने हिरड्यावर टिपण आणले. त्यात नामे अगदी थोडी होती. संबंध टिपण क्रियापदांचे होते : चढणे, हलवणे, झोडणे, पाडणे, वेचणे, निवडणे, पसरणे, उलथणे, झाकणे, उघडणे, वाळवणे, भरणे, वाहून नेणे. प्रत्येक क्रियापदापुढे तिने कर्ता लिहिला होता. चढणारे बहुधा पुरुष किंवा तरणी मुले, वेचणाऱ्या बायका आणि लहान पोरे, निवडणाऱ्या आणि झाकणाऱ्या म्हाताऱ्या. व्याकरणाच्या तासाला कर्तरी आणि कर्मणी प्रयोगांतला भेद आम्ही वर्षानुवर्षे उदाहरणांनी शिकवत आलो आहोत. त्याचे मोल इतक्या स्वच्छपणे आम्हांला क्वचितच दिसले होते.

पुढे त्या मुलीच्या घरी जाण्याचा योग आला. तिच्या आजीला आम्ही विचारले, ‘आजी, हिरडा उतरवायची वेळ झाली हे कसं कळतं?’ आजी म्हणाल्या, ‘फळ दाताखाली धरायचं, बाई. कडक बी लागलं की उशीर झाला म्हणायचं.’ काळी हलीला आणि पिवळी हलीला यांतली सीमारेषा अशी एका दाताच्या दाबाने ठरते. बी कठीण झाली की फळ बाळहिरडा राहत नाही; ते झाडावरच ठेवून हिवाळ्यात मोठा हिरडा म्हणून गोळा करायचे आणि त्याला भाव कितीतरी कमी. म्हणजे सारा हंगाम काही आठवड्यांचा, ऐन उन्हाचा, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला वळवाचा पाऊस टपलेला. वाळत घातलेल्या हिरड्यावर सर आली तर बुरशी धरते आणि व्यापारी तो माल बाजूला सारतो. म्हणून आभाळ भरून आले की घरातले एक माणूस पसरलेल्या हिरड्यापाशी बसलेच पाहिजे. झाडे उंच, फांद्या निसरड्या. हिरड्यावरून पडून जायबंदी झालेला माणूस या गावांत दुर्मीळ नाही. ‘झाकणे’ आणि ‘चढणे’ ही क्रियापदे टिपणात जितकी सोपी दिसतात तितकी ती नाहीत.

हिरड्याचा आणखी एक गुण आमच्या व्यवसायाशी जवळचा आहे. टॅनिन आणि लोह एकत्र आले की गडद काळा रंग तयार होतो. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून शाई करण्याची रीत जुनी आहे. कलमकारीतल्या कापडालाही आधी हिरड्याच्या पाण्याची बैठक देतात, मगच लोहयुक्त काळी रेघ त्यावर पक्की बसते. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावले जाते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील चामड्याच्या कारखान्यांसाठी हिंदुस्थानातून हिरडा जहाजे भरभरून जाई आणि वनखात्याच्या लेखी तो औषधापेक्षा महसुलाची बाब होता. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ साली इटलीतील एका नामांकित फॅशनगृहाने तशाच चपला मिलानमध्ये मिरवल्या, तेव्हा कारागिरांच्या श्रेयाचा प्रश्न योग्यच उपस्थित झाला. त्या कातड्यात मुरलेला हिरडा कोणी वेचला, येथवर मात्र ती चर्चा गेली नाही. ज्या फळापासून शाई होते ते वेचणाऱ्यांविषयी त्या शाईने फार थोडे लिहिले गेले, ही गोष्ट आम्हां लिहिण्यावाचण्यावर पोट भरणाऱ्यांना बोचल्यावाचून राहत नाही.

वनस्पतीविषयीचे ज्ञान आधी कष्टकऱ्यांच्या अंगवळणी पडलेले असते, मग ते प्रयोगशाळेत जाते आणि शेवटी कायद्यात व बाजारात उतरते, तेव्हा पहिल्या मंडळींचे काय होते, याची दोन उदाहरणे येथे उपयोगी पडतील. आपल्याकडील कळंब या झाडाचा एक भाऊबंद थायलंड-मलेशियात क्राटोम या नावाने ओळखला जातो. उन्हातान्हात राबणारे तिकडचे मजूर थकवा जाणवू नये म्हणून त्याची पाने चघळत आले. १९२१ मध्ये त्यातील प्रमुख अल्कलॉइड, मिट्राजिनाइन, वेगळे करण्यात आले. १९४३ मध्ये थायलंडने त्या झाडावर बंदी घातली. २०२१ मध्ये ती उठवली. या ऐंशी वर्षांत पान तेच होते, चघळणाराही तोच होता. शास्त्राने आणि सत्तेने त्याला लावलेले विशेषण तेवढे बदलत गेले. दुसरे उदाहरण सह्याद्रीतले. नरक्या या दुर्गंधी झाडाकडे कोणी फारसे लक्ष देत नसे. १९६६ साली अमेरिकेतील वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य शोधले आणि १९७२ मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी तेच द्रव्य नरक्यात असल्याचे दाखवले. त्यानंतर नरक्याची झाडे खोडासकट तोडून ट्रक भरून गेली. नरक्याला नाम मिळाले, किंमत मिळाली. त्याच्याभोवती क्रियापदांची परंपरा मात्र नव्हती. कधी घ्यायचे, किती घ्यायचे, काय ठेवायचे, हे सांगणारे कोणी नव्हते. हिरडा आजवर उभा आहे याचे श्रेय, आमच्या मते, त्याच्या औषधी गुणांइतकेच त्या ‘पाडणे’ आणि ‘वेचणे’ या क्रियापदांना आहे. फळ घेणारा माणूस झाड तोडत नाही, कारण त्याला पुढच्या वर्षी पुन्हा त्याच झाडावर चढायचे असते.

आता भावाची गोष्ट. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क आदिवासी व पारंपरिक वननिवासींना दिला. केंद्र शासनाने वनोपजांसाठी किमान आधारभूत किमतीची योजना २०१३-१४ पासून सुरू केली, तिच्यात हिरडा आहे. २०२० च्या मे महिन्यात या यादीतील अनेक वनोपजांच्या किमती वाढवण्यात आल्या. हिरड्याची मात्र किलोमागे १५ रुपये होती ती तेवढीच राहिली. हा दर सर्वसाधारण हिरड्याचा. बाळहिरड्याला खुल्या बाजारात याच्या कितीतरी पट भाव मिळतो, पण तो दरवर्षी व्यापाऱ्याच्या मर्जीने वरखाली होतो. आदिवासी विकास महामंडळ खरेदीत उतरले तर व्यापारी भाव धरून ठेवतो, नाही उतरले तर पाडतो, हा अनुभव या गावांत प्रत्येकजण सांगतो. औषधकंपनीच्या डबीवर हरीतकीची सारी विशेषणे छापलेली असतात. अभया, रसायनी, त्रिदोषनाशक. त्या विशेषणांची किंमत ग्राहक मोजतो. क्रियापदांची किंमत ज्याने मोजायची तो तराजू मात्र तळेघरच्या बाजारात दुसऱ्याच्या हाती असतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले आणि घाट ओलांडून पुणे जिल्ह्यातून पुढे गेले. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात घरांची छपरे उडाली आणि त्यांबरोबर हिरड्याची झाडे मोडली, मुळासकट उन्मळली. एका मोसमाचे पीक गेले तर पुढचा मोसम असतो. हिरड्याचे मोठे झाड गेले तर नातवंडांच्या वाट्याचे उत्पन्न जाते. नंतर नुकसानभरपाईचा प्रश्न आला तेव्हा व्याकरण पुन्हा आडवे आले. हिरडा हे पीक की वनोपज? पीक म्हणावे तर ते पेरलेले नाही. फळबाग म्हणावी तर ती लावलेली नाही. जंगल म्हणावे तर झाड मालकीच्या बांधावर उभे आहे. शासनाच्या नमुन्यात जे नाम नाही त्याचे नुकसान नोंदवायचे कोठे? किसान सभेच्या नेतृत्वाखाली या भागातील आदिवासींना त्यानंतर कित्येक वर्षे मोर्चे, धरणी, निवेदने यांचा मार्ग धरावा लागला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या झाडे राखली त्यांना ती राखल्याचा पुरावा मागितला गेला. राखणे, चढणे, वेचणे यांचा सातबारा निघत नाही.

या भागातील माणसांविषयी लिहिलेच गेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांचा महादेव कोळ्यांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्याहून आम्हांला महत्त्वाचे वाटते ते डॉ. गोविंद गारे यांचे काम. जुन्नर तालुक्यातील निमगिरीसारख्या डोंगरी गावातून, याच समाजातून आलेला हा अभ्यासक पुढे पुण्याच्या आदिवासी संशोधन संस्थेचा संचालक झाला आणि त्याने मराठीत आपल्या समाजाविषयी विपुल लिहिले. कर्त्यानेच वाक्य लिहायला घेतले की कर्मणी प्रयोग आपोआप कमी होतो, हे त्यांच्या लेखनावरून समजते. आमच्या विभागांत दलित, ग्रामीण, आदिवासी साहित्य शिकवले जाते आणि त्यात वेदना, विद्रोह, अस्मिता ही नामे वारंवार येतात. ती आवश्यकच आहेत. पण आदिवासी जीवनातले ज्ञान, ते कोणत्या कृतींत साठवले आहे आणि त्या कृतींना कोणते शब्द आहेत, याकडे साहित्याचा अभ्यास अद्याप पुरेसा वळलेला नाही. मराठीच्या अध्यापकांनी करण्याजोगे काम येथे आहे आणि त्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. विद्यार्थ्यांच्या घरची क्रियापदे कर्त्यासह लिहून घ्यायची, एवढेच.

ते टिपण लिहिणारी विद्यार्थिनी आता नोकरीनिमित्त शहरात असते. तिच्या भावालाही झाडावर चढण्याची हौस नाही, आणि त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. हातपाय मोडण्याचा धोका पत्करून अनिश्चित भावासाठी चढावे, असे दुसऱ्याच्या मुलाला कोणत्या तोंडाने सांगावे? वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथात टर्मिनॅलिया चेब्युला राहील, निघंटूत अभया राहील, मोल्सवर्थच्या कोशात हिरडा आहेच. नाम कोशात टिकते आणि विशेषण पोथीत टिकते. क्रियापद टिकायचे तर ते कोणीतरी करत राहावे लागते, आणि करत राहणाऱ्याला ते परवडावे लागते.